बुद्धरत्नचा गुरुवार

बुद्धरत्न ओव्हाळ माझ्या समोरच्या दारात राहतो. सव्वीस वर्षं आम्ही एका कंपनीत काढली, वीस वर्षं एका जिन्यावर काढली, आणि एवढ्या काळात त्यानं माझा एकच सल्ला जसाच्या तसा ऐकला. तो ऐकला नसता तर फार बरं झालं असतं.

मी नानासाहेब. चिंचवडच्या आमच्या कंपनीत मी युनियनच्या कमिटीवर होतो आणि बुद्धरत्न तपासणी विभागात. म्हणजे माझं काम बोलायचं आणि त्याचं काम बघायचं. मशीनवरून उतरलेला जॉब, म्हणजे तयार सुटा भाग, हातात घ्यायचा, मापाचं गेज लावायचं, उजेडात फिरवायचा, ठीक असेल तर आपला शिक्का मारायचा आणि नसेल तर बाजूला ठेवायचा. त्यानं बाजूला ठेवलेला जॉब साहेबाच्या बापालाही परत लायनीत घालता यायचा नाही. "चालवून घे की रे," असं मी किती वेळा म्हटलं असेल. तो नुसता हसायचा. मंडईत वांगंसुद्धा तो तसंच फिरवून बघतो. निगडीच्या भाजीवाल्या तो दिसला की पाटीवर फडकं टाकतात.

मग कंपनीनं चिंचवडचा कारखाना बंद केला. मी तसाही निवृत्तीच्या दारात होतो. बुद्धरत्न बावन्न वर्षांचा, पेन्शन सुरू व्हायला अजून सहा वर्षं. आठ महिने तो घरी बसला. बसला म्हणजे काय, घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं, नळ बदलले, आणि एक दिवस त्याच्या बायकोचं, मंजुषाचं, शिलाई मशीन खोलून ठेवलं. ती बिचारी त्या मशीनवर ब्लाउज शिवून चार पैसे मिळवते. तिनं माझ्यापुढे येऊन हात जोडले. "नाना, ह्यांना कुठंतरी चिकटवा. नाहीतर मी तरी माहेरी जाते."

चिकटला तो स्वतःच. चाकणला, महाळुंग्याच्या पुढे, गाड्यांच्या सीट बनवणारी एक कंपनी आहे. तिथं ठेकेदारामार्फत लागला. सहा महिने एकही खाडा न करता नीट काम केलं तर कंपनीच्या पटावर घेऊ, अशी बोली. गळ्यातल्या कार्डावर नावाखाली छापलं होतं, 'ट्रेनी'. त्रेपन्न वर्षांचा ट्रेनी! मी जिन्यात त्याला सलाम ठोकून म्हणायचो, "काय ट्रेनीसाहेब, आज काय शिकलात?"

तो मनापासून सांगायचा. पहिला महिना जड गेला त्याला. आमच्या वेळी माणूस जॉबपाशी जायचा, इथं पट्टा चालत राहतो आणि सीट माणसापाशी येते. एका सीटला पंचावन्न सेकंद. शिवण बघायची, मागेपुढे सरकवायचं लिव्हर ओढायचं, डोक्याची उशी वरखाली करायची, आणि सीटखालच्या कागदी पट्टीवर शिक्का. फोन सकाळी लॉकरमध्ये ठेवायचा तो सुटल्यावर हातात. लघवीला जायचं तर हात वर करून उभं राहायचं आणि बदलीचा माणूस येईपर्यंत धरून ठेवायचं. हे ऐकून माझं डोकं फिरायचं. "अरे शाळा आहे का कंपनी?" तो म्हणायचा, "नाना, काम काम असतं. आणि ती पोरगी चांगली आहे." ती पोरगी म्हणजे त्याची लाइन इंजिनिअर, वर्षाली. आम्रपालीच्या, म्हणजे त्याच्या लेकीच्या वयाची. त्याला काका म्हणायची. त्याला मिळालेला शिक्का सत्तावीस नंबरचा. दुसऱ्या महिन्यात एकदा तिनं सगळ्यांसमोर सांगितलं की सत्तावीस नंबर मारलेली एकही सीट गाडीच्या कंपनीतून परत आलेली नाही. त्या दिवशी बुद्धरत्ननं जिन्यातल्या सगळ्यांना बालुशाही वाटली.

पण त्याची खरी बढती झाली ती गुरुवारी.

आमच्या ह्या एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बाहेरच्या पाहुण्यांना हे कधी कळत नाही. ते रविवारी बारसं ठेवतात आणि आम्ही खाडा करून जेवायला जातो. जुन्या कंपनीत बुद्धरत्ननं गुरुवारही ठेवला नव्हता. गुरुवारी ओव्हरटाइम. त्यातूनच आम्रपाली इंजिनिअर झाली, पण तिचं लहानपण त्यानं बहुतेक झोपलेलं पाहिलं. नव्या कंपनीत ट्रेनीला सुट्टीच्या दिवशी कामावर घेत नाहीत. आम्रपालीच्या हिंजवडीच्या ऑफिसनं आठवड्यातून एक दिवस घरून काम करायची मुभा दिलेली, ती तिनं गुरुवारची घेतली. मग दर गुरुवारी सकाळी वाकडहून तिची गाडी यायची, ती आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायची, आणि तिची चार वर्षांची यशोधरा दिवसभर आजोबाच्या ताब्यात.

ते दोघं दुर्गा टेकडीवर जायचे. येताना भेळ खायचे. त्यानं तिला तपासणी शिकवली होती. मंजुषानं भजी तळली की यशू एकेक भजं चिमटीत धरून उजेडात फिरवायची आणि "पास" म्हणून तोंडात टाकायची. माझ्या ताटात यायची ती 'नापास'. दुपारी चौघं गोल करून जेवायची, आणि दार उघडं असल्यामुळे मीही त्यात पाचवा. एका गुरुवारी हात धुताना तो मला म्हणाला, "नाना, मी बाप झालो तेव्हा ड्यूटीवर होतो. आजोबा तरी हजेरी लावून झालोय." मी चेष्टा करणार होतो, पण त्याच्या तोंडाकडे बघून त्याला टॉवेल दिला.

असे सतरा-अठरा गुरुवार त्याला मिळाले असतील. मग जावयाची बदली निघाली. जावई गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला कंपनीनं तीन वर्षांसाठी जर्मनीला, स्टुटगार्टला पाठवायचं ठरवलं. सगळे जाणार. आम्रपालीनं विमानाचं तिकीट मुद्दाम गुरुवारचं काढलं. सकाळपासून इथं यमुनानगरात आईबापांकडे राहायचं, दुपारी एकत्र जेवण, तीन वाजता घरात बुद्धवंदना, आणि पाच वाजता तिथूनच टॅक्सीनं मुंबईचं विमानतळ. "पप्पांना रजा मागायला नको," म्हणाली. पोरीनं किती विचार केला होता.

सोमवारी कंपनीच्या फळ्यावर कागद लागला. ज्या मोठ्या कंपनीला ह्या सीट जातात तिनं आपली सुट्टी पुढे ढकलली, म्हणून ह्यांनीही ढकलली. ह्या आठवड्यात गुरुवारी काम, बदली सुट्टी रविवारी. खाली सही. संपलं.

बुद्धरत्ननं वर्षालीला गाठलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, ऑफिसात जाऊन आली आणि म्हणाली, "काका, मी दोनदा विचारलं. गुरुवारी माल जास्त आहे, कुणालाच रजा नाही. ट्रेनीचा खाडा धरला तर सहा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजतात, नाहीतर कार्डच बंद करतात. माझ्या हातात असतं तर..." तिच्या हातात नव्हतं, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं असं तो म्हणाला. त्याचे साडेचार महिने भरले होते. राहिला होता दीड.

मंगळवारी संध्याकाळी तो माझ्याकडे येऊन खुर्चीत बसला. चहा निवला तरी कपाला हात लावला नाही.

"तिकीट बदलायला सांगू का नाना?"

"कशाला?" मी म्हणालो. "बदली घे."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा मी. कारखाना गेला, युनियन गेली, पण माझ्या डोक्यातली कमिटी अजून रोज भरते. आमच्या वेळी बदलीची रीत होती. कुणाला अडचण आली की दुसऱ्या पाळीतला गडी त्याच्या जागी उभा राहायचा. कागद नाही, अर्ज नाही, हजेरीही मूळ माणसाचीच लागायची. तपासणीतला माणूस असेल तर तो आपला शिक्का बदलीच्या हातात द्यायचा, कारण जागेचा शिक्का जागेवर लागला पाहिजे. साहेबांना माहीत असायचं आणि ते खिडकीबाहेर बघायचे. परत त्याची अडचण आली की आपण उभं राहायचं. मी स्वतः अशा पन्नास बदल्या जमवून दिल्या असतील.

"तुझ्या टेबलावर दुसऱ्या पाळीला कोण असतं?"

"दिग्विजय. परभणीकडचा आहे. चांगला माणूस. दोन लेकरं आहेत त्याला."

"मग बोल त्याच्याशी. सकाळी सातला येऊन तुझी पाळी काढेल, साडेतीनला त्याची स्वतःची सुरू. त्याच्या अडचणीला तू."

"नाना, इथं तसं चालत नाही वाटतं."

"वाटतं म्हणजे? विचारलंस का कुणाला?"

"विचारलं तर नाहीच म्हणतील."

"म्हणूनच विचारायचं नसतं!" माझा आवाज चढला. "अरे, कामगार कामगाराला धरून राहिला म्हणून सव्वीस वर्षं टिकलास. तीन वर्षांसाठी लेक चाललीय. तू तिथं सीटांचे लिव्हर ओढत बसणार का? माल अडणार नाही, माणूस जागेवर उभा असेल, शिक्का लागेल. त्यांना अजून काय पाहिजे?"

तो बराच वेळ शिक्का मारायच्या हाताचा अंगठा चोळत बसला. मग उठला. "बघतो बोलून," म्हणाला. दिग्विजय एका शब्दात हो म्हणाला. "भाऊ, तुमी बिनघोर राहा. माझी बहीण सासरी गेली तवा मीबी लायनीवरच होतो." बुधवारी पाळी बदलताना बुद्धरत्ननं सत्तावीस नंबरचा शिक्का त्याच्या हातात ठेवला. मी घरात बसून उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या आणि त्या नीट चालल्या म्हणून खूश होतो.

गुरुवार उजाडला. सकाळी सातलाच आम्रपाली, जावई आणि यशू बॅगा घेऊन आले. सहा मोठ्या बॅगा जिन्यात ठेवल्या, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्यांना आडवं होऊन जावं लागत होतं. बुद्धरत्ननं पांढरा शर्ट घातला होता. यशूला घेऊन तो टेकडीवर जाऊन आला. मंजुषानं पुरणपोळी घातली होती. आम्रपाली आईजवळ ओट्यापाशी उभी राहून पोळ्या भाजत होती आणि दर दोन मिनिटांनी डोळे पुसत होती. विचारलं की म्हणायची धूर झालाय. बाहेरच्या खोलीत बुद्धरत्न एकेका बॅगेची चेन ओढून बघत होता. एका बॅगेचं चाक अडकत होतं. त्यानं ते खोलून, तेल घालून परत बसवलं. मला म्हणाला, "तिथं कोण करून देणार आहे?" तो खुशीत होता. इतक्या खुशीत मी त्याला कधी पाहिलेलं नाही, आणि मनात मी त्याचं श्रेय घेत होतो.

अकरा वाजून गेले होते. पानं मांडायची चालली होती. त्याचा फोन वाजला.

तो फोन कानाला लावून उभाच राहिला. मध्ये फक्त "हो मॅडम", "मीच दिला मॅडम", एवढंच. फोन ठेवल्यावर त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं. मग सांगितलं.

गाडीच्या मोठ्या कंपनीचा तपासनीस सकाळी न सांगता आला होता. त्यानं तयार सीटांपैकी एक उचलली, पट्टीवर सत्तावीसचा शिक्का बघितला आणि विचारलं, सत्तावीस कोण? हजेरीत सत्तावीसचा माणूस आलेलाच नव्हता. त्याच्या टेबलावर दुसराच उभा. एकशे बेचाळीस सीट बाजूला काढून लाल फीत बांधली होती. दिग्विजयला ऑफिसात बसवलं होतं, आणि तो काही बोलायला तयार नव्हता. शिक्का कुठून आला, तर म्हणे टेबलावर सापडला.

"तो माझं नाव घेत नाहीये," बुद्धरत्न म्हणाला. "शिक्का चोरला असं त्याच्यावर घालतायत. ठेकेदाराकडून त्याला काढतील, आणि मग दुसरीकडेही कुणी घेणार नाही. वर्षाली मॅडम म्हणाल्या, काका, तुम्ही येऊन लिहून द्या की शिक्का तुम्हीच दिला. तरच तो वाचेल."

"फोन बंद कर," मी म्हणालो. "उद्या जा. उद्या लिहून दे. एका दिवसानं काय बिघडतंय?"

"तीनच्या आत ट्रक भरायचा आहे. त्याच्या आधी त्यांना नाव पाहिजे. नाहीतर त्याचं नाव जाणार."

यशू पाटावर बसून पोळीची वाट बघत होती. आम्रपाली हात पुसत बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"पप्पा, जा तुम्ही," ती म्हणाली. "लवकर निघालात तर चारपर्यंत याल. वंदना आपण चारला करू."

त्यानं यशूच्या डोक्यावर हात ठेवला आणि "आलोच" म्हणाला. जेवला नाही. मी माझी स्कूटर काढली. चालवायला मीच घेतली. तळवड्याच्या सिग्नलला कंटेनरच्या मागे पाऊण तास गेला. पुढे काही दिसत नव्हतं, मागे वळायला जागा नव्हती. एवढ्या वेळात तो पाठीमागून एकदाच बोलला. "नाना, सीटखालची ती शिक्क्याची पट्टी उपटून परत लावायला वेळ लागतो."

कंपनीच्या गेटवर आम्ही एक वाजता पोचलो. त्यानं फोन माझ्याकडे दिला, कार्ड दाखवलं आणि आत गेला. मला सिक्युरिटीवाल्यानं बाहेरच्या बाकावर बसवलं. "मी युनियनचा माणूस आहे, मला साहेबांशी बोलायचंय," असं मी त्याला तीनदा सांगितलं. तो विशीचाही नसेल. म्हणाला, "कोणती युनियन, बाबा?" ज्या गेटपुढे उभं राहिल्यावर मॅनेजर धावत यायचे तसल्या गेटपुढे मी आयुष्य काढलं, आणि इथं मला कुणी आत जाऊ देईना, हाकलूनही देईना.

अडीच वाजता वर्षाली बाहेर आली. मला वाटलं आता सुटला. ती म्हणाली, "काकांनी लिहून दिलंय. दिग्विजयला सोडलं, ताकीद देऊन. पण त्या एकशे बेचाळीस सीट पुन्हा तपासायला लागणार आहेत. काका स्वतःच म्हणाले, मी करतो. दिग्विजयला आज त्या सीटांना हात लावू देत नाहीत, दुसऱ्या कुणाला हे टेबल येत नाही, आणि बाकी सगळी माणसं लायनीवर आहेत."

"अहो मॅडम, त्याची लेक पाच वाजता चाललीय!"

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी त्यांना मदत करतेय. एक सीट मी उलटी करते, एक ते तपासतात." तिचे हात काळे झाले होते. ती लगेच आत पळाली. त्या पोरीवर मला रागावताही येईना. कुणावर रागवावं असा समोर एकही माणूस नव्हता.

चारला आम्रपालीचा फोन आला. मी सांगितलं, निघेलच. साडेचारला आला. मी सांगितलं, निघेलच. पावणेपाचला ती म्हणाली, "नाना, आम्ही वंदना करून घेतो. फोन चालू ठेवते, पप्पा आले तर त्यांच्या कानाला लावा." मी फोन हातात धरून बसलो. त्यातून मंजुषाचा आवाज येत होता, मग आम्रपालीचा, आणि मागून यशूचा बोबडा, एक शब्द उशिरा. समोर गेटमधून सीट भरलेला ट्रक बाहेर पडला. आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही.

सव्वापाचला टॅक्सीवाला थांबेना. आम्रपालीनं व्हिडिओ लावला. ते गाडीत बसले होते. "नाना, पप्पांची कंपनी तरी दाखवा यशूला." मी फोन गेटकडे फिरवला. म्हटलं, "हे बघ यशू, ह्याच्या आत आबा आहेत." यशू नाक पुढे करून बघत होती. "कुठंयत?" तेवढ्यात सिक्युरिटीवाला धावत आला. "बाबा, इथं शूटिंगला बंदी आहे. फोन बंद करा. बंद करा, माझी नोकरी जाईल." ते पोर खरंच घाबरलं होतं. मी फोन खाली केला. त्यात थोडा वेळ माझी चप्पल दिसली असेल. मग रेंज गेली.

बुद्धरत्न सहा वाजता बाहेर आला. पांढऱ्या शर्टाला छातीपाशी वंगण लागलं होतं. गळ्यात कार्ड नव्हतं. माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"गेले?"

"गेले. फोन लाव, गाडीतच असतील."

त्यानं फोन घेतला, पण लावला नाही. "आवाज बसलाय माझा. ती घाबरेल." मग म्हणाला, "नाना, दोन सीट नापास निघाल्या. दिग्विजयनं पास केल्या होत्या. लिव्हर अडकत होतं. माणूस चांगला आहे, पण सोळा तास उभं राहायचं म्हटल्यावर हात पळतोच."

"आणि तुझं काय?"

"शिक्का दुसऱ्याला दिला म्हणून कार्ड घेतलं. सगळ्या सीट झाल्यावर घेतलं." त्यानं गेटकडे एकदा पाहिलं. "त्यांचंही बरोबर आहे. गाडीत कुणीतरी बसणार असतं."

तिथं रस्त्यावर मी रडलो. साठी उलटलेला माणूस, ट्रकवाले बघत होते. मी म्हणालो, "माझ्यामुळे झालं रे." त्यानं मला बोल लावला नाही. "चला, अंधार व्हायच्या आत निघू," एवढंच म्हणाला आणि ह्या वेळी स्कूटर त्यानं चालवली.

ह्याला आता अडीच महिने झाले. त्यानं दोन-चार ठिकाणी अर्ज केले, पण आधीच्या कंपनीत काय झालं हे विचारतात आणि तो खरं सांगतो. दिग्विजय एकदा पेढे घेऊन आला होता, दारातच उभा राहिला, आत येईना. बुद्धरत्ननं त्याला हाताला धरून बसवलं.

एक गोष्ट मात्र त्यानं मंजुषाकडून आणि माझ्याकडून वदवून घेतली. नोकरी गेली हे आम्रपालीला सांगायचं नाही. त्या दिवशी आपल्यासाठी थांबल्यामुळे, आपल्या जाण्यामुळे पप्पांची नोकरी गेली, हे तिला तिकडे परक्या मुलखात कळायला नको. "तीन वर्षं मनात घेऊन बसेल ती. मला माहीत आहे, माझी लेक आहे." म्हणून तिकडे सगळ्यांना एवढंच ठाऊक आहे की ताकीद देऊन प्रकरण मिटलं, पप्पांची पहिली पाळी असते, सात ते साडेतीन, फोन लॉकरमध्ये, आणि सुट्टी गुरुवारी.

आम्रपालीचा व्हिडिओ फोन रोज दुपारी येतो. तिकडे तेव्हा सकाळ असते, यशूला शाळेत सोडायच्या आधीची वेळ. गुरुवारी बुद्धरत्न आंघोळ करून, दाढी करून त्या फोनपुढे बसतो. यशू त्याला पावाचा तुकडा फिरवून दाखवते आणि पास की नापास ते सांगते. बाकीचे सहा दिवस दुपारी फोन वाजला की तो उठतो, चपला हातात घेतो आणि आवाज न करता समोर माझ्याकडे येतो. दोन्ही दारं उघडी असतात, उन्हाळ्यात बंद ठेवता येत नाहीत. तो माझ्या सोफ्याच्या कडेला बसतो.

काल मंगळवार होता. तिकडून यशूनं विचारलं, "आज्जी, आबा कुठंयत?"

"कामावर गेलेत गं," मंजुषा म्हणाली.

"मग रात्री बोलतील?"

"दमून येतात ना बाळा. गुरुवारी बोलतील."

बुद्धरत्न माझ्या सोफ्यावर खाली मान घालून बसला होता. यशूनं तिकडे काहीतरी गाणं म्हणून दाखवलं, जर्मन भाषेतलं असावं. ते संपेपर्यंत तो हलला नाही. मग मला अगदी हळू आवाजात म्हणाला, "नाना, परवा आहे गुरुवार."